ख्रिस्ती साक्षीचीं घरगुती साधनें
(जळगांव-धुळें भागाच्या अनुषंगानें)

१. विषय व शब्द

धर्म मनांत धरणें ही एक गोष्ट, आणि तो रोजच्या व्यवहारांत, चारचौघांदेखत, स्वतःच्या तोंडानें सांगणें ही दुसरी. मराठी ख्रिस्ती मंडळींत या दुसऱ्या गोष्टीस ‘साक्ष देणें’ असें म्हणतात. जुने कागद हाताळणारास हा शब्द परका नाहीं. महजराच्या अखेरीस ‘गोही’ अथवा ‘साक्ष’ या सदराखालीं पाटील, कुळकर्णी, चौगुला, बलुतेदार यांचीं नांवें येतात, आणि त्या नांवांच्या वजनावर त्या कागदाचें वजन ठरतें. पाणिनीनें ‘साक्षिन्’ हा शब्द ‘जो साक्षात् पाहतो तो’ या अर्थीं सिद्ध केला आहे (अष्टाध्यायी ५.२.९१), अर्थात् ऐकीव गोष्ट सांगणारा तो साक्षी नव्हे. ग्रीक भाषेंतील ‘मार्तुस्’ या शब्दाचाही मूळ अर्थ न्यायासनापुढील साक्षीदार असाच असून, पुढें साक्षीपायीं प्राण वेंचणारास तो लागूं लागला. मराठी ख्रिस्ती लेखकांनीं ‘साक्ष’ हा कचेरींतील शब्द देव्हाऱ्यापाशीं नेला, तो या अर्थानें यथायोग्यच होता असें म्हणावें लागतें.

प्रस्तुत लेखांत या साक्षीच्या खरेखोटेपणाचा निवाडा करावयाचा नाहीं. तें काम ज्याच्या त्याच्या श्रद्धेचें आहे. येथें प्रश्न साधनांचा आहे. गेल्या चारशें वर्षांत मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसांनीं आपला विश्वास शेजाऱ्यापाजाऱ्यांस कोणत्या भाषेंत व कोणत्या रीतीनें सांगितला, त्याचे कागद कोठें आहेत, आणि आपण संग्राहक त्यांकडे कां वळलों नाहीं, एवढेंच पाहावयाचें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : वादाचे कागद टिकले, साक्षीचे विस्कळित झाले, आणि त्यामुळें या विषयाचा इतिहास आहे त्याहून अधिक भांडखोर दिसूं लागला आहे.

२. वाद आणि साक्ष

एकोणिसाव्या शतकांतील मिशनऱ्यांच्या व आपल्या शास्त्रीपंडितांच्या वादांची माहिती मुबलक आहे. मुंबईस मोरभट दांडेकर यांनीं ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, व डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं तिला छापील उत्तर दिलें. १८५७ सालीं विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशीं वाद केले, व त्यांचा वृत्तांतही पुस्तकरूपानें निघाला. असे वाद छापले जाणें स्वाभाविक होतें. उभय पक्षांस आपण जिंकलों हें जगास दाखवावयाचें होतें, छापखाना जवळ होता, आणि विकत घेणारे वाचकही होते.

साक्षीची गोष्ट तशी नाहीं. वाद सभेंत होतो, साक्ष ओसरीवर होते. वादाला प्रतिपक्षी लागतो, साक्षीला शेजारी पुरतो. वादांत ‘तुमचें चूक कसें’ हें मुख्य, साक्षींत ‘मला काय लाभलें’ हें मुख्य. दळतांना गाइलेलें पद, आजाऱ्याच्या उशाशीं बसून केलेली प्रार्थना, भावानें तोडलेल्या बहिणीस लिहिलेलें पत्र, बाजारांत ‘तूं बाटलास कां?’ असें कोणी विचारलें असतां दिलेलें उत्तर, यांचीं टिपणें कोण ठेवणार? मिशनच्या वार्षिक अहवालांत यांचा उल्लेख झालाच तर परभाषेंत व वर्गणीदारांच्या समाधानापुरता होतो. प्रतिपक्षाच्या लेखनांत झाला तर निंदेपुरता होतो. साक्ष देणाराचे स्वतःचे मराठी शब्द दोहोंकडून गळून पडतात.

येथें दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. अशा साक्षीची किंमत फार मोठी असे, आणि ती एकट्या बोलणारास द्यावी लागत नसे. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचा घटस्फोट करून तो मेला असें समजण्याची चाल होती. आईबाप, बायको, मुलें यांची जी ताटातूट होई तिचें दुःख दोन्ही घरांत सारखेंच असे. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतरामुळें वारसाहक्क जाणार नाहीं असें ठरविलें, आणि १८६६ च्या कायद्यानें धर्मांतर केलेल्यांच्या विवाहविच्छेदाची तजवीज केली. हे कायदे करावे लागले यावरूनच घरोघर काय प्रसंग ओढवत होते याची कल्पना येते. तात्पर्य, हा विषय केवळ धर्मखात्याचा नसून कुटुंबाच्या इतिहासाचा आहे.

३. फादर स्टीफन्स : ओवीचा मार्ग

मराठी ख्रिस्ती साक्षीचें पहिलें मोठें साधन म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’. स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ सालीं गोव्यास आला व १६१९ सालीं मरण पावला. त्याचा ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापला गेला. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ग्रंथाच्या ओव्या सुमारें अकरा हजार आहेत. पुराण हें नांव, ओवी हा छंद, आरंभीं मंगलाचरण, श्रोत्यावक्त्यांचे प्रश्न व उत्तरें, हा सर्व थाट त्यानें आपल्या पुराणवाङ्मयावरून घेतला. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यासही तो कचरला नाहीं.

याचें कारण समजून घेणें अवश्य आहे. ज्यांनीं नुकताच धर्म बदलला होता त्यांचे कान पुराणश्रवणास सरावलेले होते. तें श्रवण बंद झालें आणि त्याजागीं कांहीं आलें नाहीं. ज्या घरांत सायंकाळीं ओवी नाहीं त्या घरांत सांगण्यासारखेंही कांहीं उरत नाहीं. ही उणीव भरून काढणारा ग्रंथ ऐकण्याजोगा हवा होता. ओवीचा गुण असा कीं, ती वाचणाराबरोबर ऐकणारासही पाठ होते. पोथी एकाच्या हातीं असली तरी ग्रंथ दहांच्या तोंडीं जातो. गोव्यांत जुलूम व सक्ती झाली हें कोणी नाकारीत नाहीं. पण सक्तीनें नांव बदलतें, ओवी पाठ होत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

संग्राहकांच्या दृष्टीनें या ग्रंथाची पुढील हकीकत अत्यंत बोधप्रद आहे. सतराव्या शतकांतील तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. पोर्तुगीज सरकारनें १६८४ सालीं देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला, आणि या भाषेंतील ग्रंथांस राजाश्रय उरला नाहीं. अशा स्थितींत ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांमुळें. गोव्यांतून दक्षिणेस कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या प्रती हातांनीं उतरून जपल्या, व अशाच प्रतींवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींत आवृत्ति प्रसिद्ध केली. देवनागरी लिपींतील एक प्रत लंडन येथील मार्सडेन संग्रहांत असल्याचें १९२५ च्या सुमारास डॉ. जस्टिन अॅबट यांनीं दाखवून दिलें. हे अॅबट म्हणजे महिपतीच्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार. पुढें १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून देवनागरी आवृत्ति काढली.

यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, छापखाना हरला आणि घरगुती वही जिंकली. ज्यांनीं ती वही उतरली ते विद्वान् असतीलच असें नाहीं; त्यांना ती ओवी रोज लागत होती, म्हणून त्यांनीं ती उतरली.

४. कीर्तनाचा मार्ग

देशावर या साक्षीनें कीर्तनाचें रूप घेतलें. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें, व तेथूनच १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ हें पत्र निघूं लागलें. या मिशनमधील कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनीं ख्रिस्ती विषयावर कीर्तन करण्याचा उपक्रम १८६० नंतरच्या दशकांत केला. आरंभीं हें कित्येकांस विपरीत वाटलें असावें. हिंदूंस वाटे कीं, आमचें कीर्तन यांनीं उचललें. आणि मिशनमधील कित्येकांस वाटे कीं, टाळ-मृदंगाबरोबर जुना धर्मही आंत येईल. तथापि हा प्रकार रुजला, व तो कां रुजला हें कीर्तनाची घडण पाहिल्यावर कळतें.

नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगांत एखादें वचन घेऊन त्याचें निरूपण होतें. उत्तररंगांत त्याच्या पुष्ट्यर्थ आख्यान लावितात. आणि साकी, दिंडी, कामदा, आर्या, पद, अभंग यांनीं दोन्ही भाग बांधलेले असतात. ख्रिस्ती कीर्तनकारानें पूर्वरंगास शुभवर्तमानांतील वचन घेतलें व उत्तररंगास उधळ्या पुत्राचें अथवा योसेफाचें आख्यान लाविलें, कीं सांचा तोच राहून आंतील द्रव्य बदललें. बाप घर सोडून गेलेल्या मुलाची वाट पाहतो, हें आख्यान ऐकतांना श्रोता हिंदु कीं ख्रिस्ती हा प्रश्न क्षणभर बाजूला पडत असला पाहिजे.

दुसरें असें कीं, कीर्तनांत श्रोत्यावर कसलेंच बंधन नसतें. तो येतो, बसतो, कंटाळला तर उठून जातो. त्यास होय-नाहीं म्हणावें लागत नाहीं. बाजारांतील उपदेश ऐकणारास तत्काळ उत्तर द्यावें लागे, नाहीं तर आपण हरलों असें वाटे. कीर्तनानें ही अडचण दूर केली. उघडपणें सांगणें आणि दुसऱ्यास मोकळें ठेवणें, या दोन्ही गोष्टी ज्या प्रकारांत एकत्र नांदतात असा हा आपल्या देशांतील जुना प्रकार होय.

पण कीर्तनाचें साधन किती तुटपुंजें राहतें हें कीर्तनकारांच्या वह्या पाहिलेल्यांस ठाऊक आहे. वहींत पदांचीं पहिलीं चरणें, दृष्टांतांची टांचणें व छंदांचीं आद्याक्षरें असतात. निरूपण वक्त्याच्या मुखांत राहतें. वक्ता गेला कीं वही मुकी होते, आणि मुकी वही घरांतील माणसें प्रथम रद्दींत घालतात.

५. टिळकांचें घर आणि १९०७ चें जळगांव

या परंपरेंतील सर्वांत मोठे पुरुष रेव्हरंड नारायण वामन टिळक होत. त्यांचा जन्म १८६१ सालीं करजगांवीं झाला व मृत्यु १९१९ सालीं मुंबईस झाला. १८९३ सालीं नागपुराकडून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपीय सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांपासून कांहीं वर्षें दुरावल्या. पुढें त्या नगरास पतीकडे आल्या, तेव्हां बराच काळ आपलें सोवळें व आपला आचार त्यांनीं सांभाळला, आणि मग स्वतःच्या विचारानें १९०० सालीं ख्रिस्ती झाल्या. हा सर्व वृत्तांत १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत आहे.

साक्षीच्या इतिहासांत या आत्मचरित्राचें स्थान असें कीं, त्यांत धर्म सांगितलेला नाहीं, जगलेला दाखविला आहे. दुसऱ्याच्या हातचें पाणी पिणें कीं न पिणें, अनाथ पोर घरांत घेणें, उधळ्या दातृत्वाच्या नवऱ्याबरोबर संसार रेटणें, या गोष्टींतून वाचकास कळतें कीं बाईचा देव कोणता. ज्यांस ख्रिस्ती धर्माविषयीं यत्किंचित् आस्था नाहीं अशा हजारों मराठी वाचकांनीं हें पुस्तक प्रेमानें वाचलें आहे. टिळकांनीं आरंभिलेलें व अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्यही लक्ष्मीबाईंनींच पुढें नेलें.

आतां आमच्या खानदेशाकडे वळूं. ज्या १९०७ सालीं मंगळुरास ‘क्रिस्तपुराण’ पुनः छापलें गेलें, त्याच सालीं जळगांव येथें महाराष्ट्र-कविसंमेलन भरलें. अध्यक्ष कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. या संमेलनांत धरणगांवच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलानें आपली कविता म्हटली, आणि कीर्तिकरांनीं त्यास ‘बालकवि’ हें नांव दिलें. टिळकांच्या दृष्टीस हा मुलगा पडला, व त्यांनीं त्यास नगरास आपल्या घरीं नेलें. टिळकांच्या घरांत ठोमरे मुलासारखे वावरले. लक्ष्मीबाईंनीं त्यांच्यावर माया केली, आणि आपल्या आठवणींत त्यांस जागाही दिली.

येथें इतिहासकारानें थांबून विचार करावा अशी गोष्ट आहे. टिळक हे उघड ख्रिस्ती होते. सकाळ-सायंकाळची प्रार्थना, भजन, कीर्तन, ‘ज्ञानोदया’चें लेखन, सर्व कांहीं त्या घरीं चाले. त्या घरांत राहणारास घरच्या धर्माची ओळख झाली नसेल असें संभवत नाहीं. तरी बालकवि ख्रिस्ती झाले नाहींत, त्यांस कोणी घराबाहेर काढलें नाहीं, आणि उभयपक्षीं प्रेम राहिलें. ५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळ भादली स्टेशनापाशीं आगगाडीखालीं सांपडून बालकवि गेले; दुसऱ्याच वर्षीं, मे महिन्यांतच, टिळकही गेले. धर्मांतराच्या नोंदवहींत या संबंधास जागा नाहीं, कारण धर्मांतर झालें नाहीं. वादाच्या पुस्तकांत जागा नाहीं, कारण वाद झाला नाहीं. पण एका माणसानें आपला विश्वास दुसऱ्यापुढें उघडा ठेवून त्याच्याशीं कसें राहावें, याचा खानदेशाशीं संबद्ध असा याहून चांगला दाखला आम्हांस माहीत नाहीं.

टिळकांची स्वतःची वाटचालही याच दिशेची होती. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें आणि सातारा येथें ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस जागा होती. साक्ष आणि धर्मांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें त्यांनीं आचरणानें दाखविलें. भारताच्या संविधानानें पंचविसाव्या अनुच्छेदांत धर्म प्रकट करणें, आचरणें व त्याचा प्रसार करणें हीं तिन्ही निरनिराळीं मोजलीं आहेत. आणि सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं रेव्ह. स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यांत प्रसाराच्या हक्कांत दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क येत नाहीं असा निर्णय दिला. या निर्णयावर मतभेद आहेत. परंतु ‘प्रकट करणें’ या शब्दाचा पूर्ण अर्थ कळण्यास टिळकांच्या घरासारखीं घरें अभ्यासिलीं पाहिजेत, एवढें खरें.

६. खानदेशांतील साधनांचें स्वरूप

खानदेश जिल्ह्याचे १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांसच पुढें जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं, आणि १९९८ सालीं धुळ्यापासून नंदुरबार वेगळा झाला. पूर्व भागांत भुसावळ, जळगांव, चाळीसगांव येथें ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचीं ठाणीं होतीं; पश्चिमेकडे नंदुरबार-नवापूरच्या बाजूस स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचें काम चाले. दोहोंचे मूळ कागद इंग्रजी अथवा स्वीडिश वळणाचे, आणि संस्था परदेशस्थ. अर्थात् दप्तर येथील नसून तिकडचें.

येथील माणसांची भाषा मात्र निराळी. घरांत अहिराणी, डोंगरपट्टींत मावची, भिली, पावरी. आणि गीतांचें व बायबलचें पुस्तक प्रमाण मराठींत. प्रार्थनामंदिरांत छापील गीत म्हटलें जाई, परंतु शेजारणीला सांगतांना घरचीच बोली तोंडीं येणार. म्हणजे जी साक्ष सर्वांत उघड व सर्वांत रोजची, तीच छापण्यावांचून राहिली. मराठी बायबलच्या भाषेचा हाच प्रश्न पंडिता रमाबाईंस पडला होता. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोपें मराठी भाषांतर केलें, तेथील स्त्रियांनींच तें छापलें, आणि बाईंच्या १९२२ मधील मृत्यूनंतर १९२४ सालीं तें पुरें होऊन निघालें. ज्या बाईनें लहानपणापासून संस्कृत पुराणें मुखोद्गत केलीं होतीं, तिनेंच खेड्यांतील स्त्रीस कळेल असा शब्द शोधला, हें आम्हां संस्कृताभ्यासकांनीं विसरूं नये.

तोंडची भक्ति कागदावर आणण्याचीं दोन उदाहरणें तर आपल्याच प्रांतांतील आहेत. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां येत नव्हतें. जात्यावर व शेतांत त्यांनीं रचलेल्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव यांनीं उतरून ठेविल्या, आणि बाईंच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं त्या प्रसिद्ध झाल्या. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं रविवारीं गीतेवर जीं अठरा प्रवचनें दिलीं, तीं साने गुरुजींनीं लिहून घेतल्यामुळें आज आपल्या हातीं आहेत. हीं दोन्ही उदाहरणें हिंदु भक्तीचीं आहेत. पण नियम सर्वांस एकच. जवळ कोणी लिहिणारा असला तर वाणी राहते, नाहीं तर जाते. नवापूरच्या एखाद्या मावची म्हातारीनें पन्नास वर्षें गाइलेलीं पदें कोणी उतरलीं नसतील, तर तीं तिजबरोबर जातील, व मागें उरेल तो फक्त मिशनचा अहवाल.

७. संग्राहकांस विनंती

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे धुळ्यास १९२६ च्या अखेरच्या दिवशीं वारले, आणि त्यांचें दप्तर सांभाळण्यासाठीं तेथें संशोधन मंडळ उभें राहिलें. शंकर श्रीकृष्ण देवांनीं मठोमठीं हिंडून रामदासी बाडें गोळा केलीं, तीं धुळ्याच्याच श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत आहेत. ज्या गांवानें वैष्णवांच्या व रामदाश्यांच्या घरगुती वह्यांस ग्रंथाचा मान दिला, त्यानें ख्रिस्ती घरांतील वही परकी मानण्याचें कारण नाहीं. शोध कशाचा करावा हें थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट भजनांच्या व कीर्तनांच्या वह्या. त्या तुटक असल्या तरी टाकूं नयेत. पदांच्या आद्य चरणांवरून व छंदांच्या क्रमावरून आख्यानाची घडण पुष्कळदां जुळवितां येते. दुसरी गोष्ट कुटुंबाच्या बायबलचीं कोरीं पानें. त्यांवर जन्म, बाप्तिस्मा, विवाह, मृत्यु यांच्या तारखा लिहिण्याची चाल आहे, आणि समासांत प्रसंगाप्रसंगानें केलेल्या खुणा असतात. छापील ग्रंथ म्हणून अशी प्रत आपण बाजूला ठेवितों, पण तिचीं हस्तलिखित पानें हीच तिची किंमत. तिसरी गोष्ट पत्रें. विशेषतः धर्मांतरानंतर भावंडांत, मायलेकींत झालेलीं, मग तीं रागाचीं असोत कीं समेटाचीं. हीं हिंदु घरांतही सांपडतील, आणि तेथें तीं लपवून ठेवलेलीं असण्याचा संभव अधिक. चौथी गोष्ट मंडळ्यांच्या सभांचीं इतिवृत्तें व नोंदवह्या. जुन्या वह्या मोडींत असूं शकतील, व मोडी वाचणारे आज थोडे उरले आहेत. म्हणून या कामास विलंब परवडणार नाहीं. पांचवी गोष्ट थडग्यांवरील मराठी लेख. हेही शिलालेखच होत, आणि ऊन-पाऊस त्यांस खातच आहे.

कार्यपद्धतीविषयीं तीन सूचना. नोंदवह्या मंडळीच्या ताब्यांतून काढूं नयेत. त्यांची छायाप्रत घ्यावी व मूळ जागेवर ठेवावें, कारण त्या अजून चालू व्यवहाराचे दस्तऐवज आहेत. गाणारा हयात असल्यास पद त्याच्याच बोलींत, त्याच्या संमतीनें ध्वनिमुद्रित करावें. अहिराणीचें प्रमाण मराठी करूं नये, आणि मावची पदाचें भाषांतर निराळ्या पानावर द्यावें. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. धर्मांतराचे कागद आजही कोणास दुखवूं शकतात, कोणास अडचणींतही आणूं शकतात. सबब हयात माणसांचीं व त्यांच्या निकट आप्तांचीं नांवें त्यांच्या अनुमतीवांचून छापूं नयेत. राजवाड्यांच्या पद्धतीनें कागद जसाचा तसा छापणें हा संशोधकाचा धर्म खराच. पण कागदांतील माणूस जिवंत असतां धीर धरणें हाही धर्मच आहे.

असा संग्रह झाल्यास काय हातीं लागेल? कदाचित् मोठें काव्य लागणार नाहीं. परंतु वादांच्या पुस्तकांवरून आजपर्यंत जें चित्र आपण रंगविलें, कीं एक बाजू हल्ला करीत होती व दुसरी तटबंदी करीत होती, तें पुष्कळच बदलेल. त्या दोन बाजूंच्या मध्यें जी ओसरी होती, जेथें एकानें आपल्या देवाविषयीं सांगितलें, दुसऱ्यानें ऐकून घेतलें, पटलें नाहीं तरी तांब्याभर पाणी दिलें, ती ओसरी इतिहासांत येईल. महजरावर गोही नसेल तर आपण तो कागद ग्राह्य मानीत नाहीं. मराठी ख्रिस्ती माणसाच्या इतिहासाचा महजर आजवर पाद्री व प्रतिपक्षी या दोघांच्याच सहीनें उभा आहे; ज्याचा तो इतिहास, त्याची साक्ष त्यावर पडलेली नाहीं. ती मिळविणें, आणि मिळेल त्या भाषेंत व मिळेल त्या अक्षरांत जशी असेल तशी जतन करणें, हें काम हस्तलिखितांचा शोक असणाऱ्या प्रत्येकाच्या आंवाक्यांतील आहे. जळगांव-धुळ्याकडील ज्या सभासदांस अशी वही, पत्र वा लेख आढळेल, त्यांनीं त्याचें स्थळ, मालकाची अनुमति व थोडें वर्णन मंडळाकडे कळवावें, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.